हिवाळ्यात घर कोरडं पडतंय? अख्ख्या घराचा ह्युमिडिफायर बसवायच्या आधी काय काय बघायचं

थंडी पडली, हीटिंग दिवसरात्र चालायला लागलं की थोड्याच दिवसांत सगळ्या घरांत त्याच तक्रारी सुरू होतात, सकाळी उठलं की घसा कोरडा ठाक, ओठ फुटलेले, हातपाय उललेले, घरातल्या एखाद्या लहान मुलाचा अधूनमधून घोळणा फुटतो, स्वेटर काढताना चटचट आवाज येतो आणि दाराच्या कडीला हात लावला की करंट बसतो. लाकडी फ्लोअरिंग असेल तर पट्ट्यांमध्ये फटी दिसायला लागतात. मग कोणीतरी सांगतंच, अहो फर्नेसला एक ह्युमिडिफायर लावून टाका, अख्ख्या घराचं काम होईल. (फर्नेस म्हणजे हवा तापवून डक्टमधून, म्हणजे मोठ्या नळ्यांतून, घरभर पाठवणारी भट्टी, आणि ह्युमिडिफायर म्हणजे हवेत ओलावा सोडणारं यंत्र.)

होतंही बऱ्याचदा. पण हे यंत्र एकदा डक्टला भोक पाडून, पाण्याची लाइन जोडून बसवलं की ते दर हिवाळ्यात तुमच्या घरात लिटरच्या लिटर पाणी सोडत राहणार, आणि ते पाणी हवेतच राहील याची काही गॅरंटी नाही, ते खिडकीवर, भिंतीच्या आत, माळ्यावरच्या छताच्या फळ्यांवरही जाऊन बसू शकतं. म्हणून माझं ठाम मत असं की आधी मोजायचं, मग घर कोरडं का पडतंय ते शोधायचं, मग आपल्या खिडक्यांना किती ओलावा झेपतो ते बघायचं, आणि यंत्राचा विचार त्याच्यानंतर.

हवा मुळात कोरडी होते कशी

"हीटरने हवा सुकते" असं सगळेच म्हणतात पण तसं नसतं. हीटर हवेतलं पाणी कुठे घालवत नाही. थंड हवेत मुळातच पाण्याची वाफ फार कमी मावते, शून्य डिग्री सेल्सिअसला एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त पावणेपाच ग्रॅमच्या आसपास, आणि २० डिग्रीला तीच मर्यादा १७ ग्रॅमच्या वर जाते. म्हणजे बाहेर शून्य डिग्री आहे, हवा अगदी धुक्याने भरलेली आहे, तरी ती हवा घरात येऊन २० डिग्रीला तापली की तिची रिलेटिव्ह ह्युमिडिटी (हवेत मावू शकते त्याच्या किती टक्के वाफ आहे तो आकडा) १०० वरून थेट २८ टक्क्यांच्या आसपास येते. बाहेर उणे १० असेल तर १३-१४ टक्के. पाणी तेवढंच आहे, फक्त हवेची पाणी धरायची ताकद वाढली म्हणून ती आपल्या त्वचेतून, नाकातून, लाकडातून ओढायला लागते.

आता याच्यातली महत्त्वाची गोष्ट ही की घरात बाहेरची हवा जेवढी जास्त शिरणार तेवढं घर कोरडं. कारण आतमध्ये आपण स्वतःच पाणी तयार करत असतो, चार माणसांचं कुटुंब श्वास, घाम, अंघोळ, स्वयंपाक, भांडी हे सगळं धरून दिवसाला साधारण ८-१० लिटर वाफ हवेत सोडतं. घट्ट बांधलेल्या घरात एवढ्यावरच हिवाळा निघून जातो, उलट अशा घरांत ओलावा जास्त होतो ही तक्रार असते. त्यामुळे घर खूपच कोरडं पडत असेल तर पहिला संशय फटींवर घ्या.

आधी मोजा

दोन-तीन साधे डिजिटल हायग्रोमीटर, म्हणजे ह्युमिडिटी मोजायचे मीटर, आणा, एकच आणू नका कारण स्वस्तातले हायग्रोमीटर पाच-सात टक्के इकडेतिकडे दाखवतात आणि इथे सगळा निर्णयच दहा टक्क्यांच्या आत फिरतो. तपासायची पद्धत सोपी आहे: बाटलीच्या झाकणात साधं मीठ घ्या, त्यात थोडंसंच पाणी घालून ओल्या वाळूसारखं करा (मीठ विरघळून संपायला नको), मग ते झाकण आणि हायग्रोमीटर दोन्ही एका हवाबंद डब्यात किंवा झिपच्या पिशवीत ठेवून खोलीच्या तापमानाला रात्रभर राहू द्या. आत ७५ टक्के ह्युमिडिटी होते, हा मिठाचा गुणधर्मच आहे. तुमचा मीटर ७० दाखवत असेल तर पुढे प्रत्येक रीडिंगमध्ये पाच मिळवायचे, झालं.

मग एक बेडरूममध्ये, एक बैठकीच्या खोलीत ठेवा, गरम हवेच्या जाळीपासून लांब, बाहेरच्या भिंतीला न टेकवता, स्वयंपाकघर आणि बाथरूम टाळून. दोन आठवडे सकाळ-संध्याकाळ आकडा लिहून ठेवा आणि शेजारी बाहेरचं तापमानही लिहा, कारण त्याच्याशिवाय आतल्या आकड्याला काही अर्थ नाही. कडाक्याच्या थंडीत आत २८ टक्के असणं वेगळं आणि बाहेर ५ डिग्री असताना आत २८ टक्के असणं वेगळं, दुसऱ्या केसमध्ये घरात हवा भसाभस येतेय असं समजा.

आकडे कसे वाचायचे? घरात साधारण ३० ते ५० टक्के असलं की ठीक धरतात. थंडीत ३०-३५ च्या वर राहत असेल तर अख्ख्या घराच्या यंत्राची गरज नाही, त्रास होत असला तरी त्याचं कारण बहुतेक वेगळं असतं: बेडवर थेट गरम हवेचा झोत येतोय, तोंड उघडं ठेवून झोपायची सवय आहे, फार गरम पाण्याने अंघोळ आणि कडक साबण, एखादं औषध. २५ ते ३० मध्ये असेल तर खाली सांगितलेल्या छोट्या उपायांनी बहुतेक वेळा भागतं. आठवडेच्या आठवडे २५ च्या खाली असेल, त्यातही लाकडी फ्लोअरिंग, पियानो, गिटार असलं काही घरात असेल किंवा कोणाचा घोळणा वारंवार फुटत असेल, तर मात्र गांभीर्याने घ्या. (घोळणा सारखाच फुटत असेल तर हवेला दोष देऊन थांबू नका, डॉक्टरांना दाखवा.)

आणि एक फुकटातली गोष्ट आधी करून बघा, थर्मोस्टॅट खाली आणा. २२ डिग्रीला ३० टक्के असलेली हवा, त्यातलं पाणी तेवढंच ठेवून १८ डिग्रीला आणली की ३८ टक्के होते. झोपताना घर दोन-तीन डिग्री थंड ठेवलं आणि पांघरूण वाढवलं तर बऱ्याच जणांचा सकाळचा घशाचा त्रास तिथेच कमी होतो.

फटी शोधा, हे काम टाळू नका

गरम हवा वर चढते, घराच्या वरच्या भागातल्या फटींतून बाहेर जाते आणि तिची जागा भरायला खालून थंड कोरडी हवा आत ओढली जाते. हिवाळाभर हे चोवीस तास चालू असतं आणि बाहेर जितकी थंडी जास्त तितका ओढा जास्त. म्हणून नुसत्या खिडक्या-दारांना पट्ट्या लावून फार फरक पडत नाही, माळ्याकडे जाणारं झाकण, छतात बसवलेल्या दिव्यांच्या कडा, पाइप आणि वायरी जिथून वर जातात ती भोकं, फायरप्लेसचा डॅम्पर (धुराड्यातली उघडझाप करणारी झडप), आणि खाली बेसमेंटमध्ये पायाच्या भिंतीवर जिथे लाकडी चौकट बसते ती जागा, खरी गळती इथे असते. वारा असलेल्या दिवशी पेटलेली उदबत्ती या जागांजवळ धरा, धूर आडवा झाला की समजायचं (पडद्यांपासून आणि इन्सुलेशनपासून लांब धरा). नीट आकडा हवा असेल तर ब्लोअर डोअर टेस्ट करून घ्या, त्यात बाहेरच्या दाराला मोठा पंखा बसवून घरातली हवा बाहेर खेचतात आणि गळती किती आहे ते मोजतात, आणि पंखा चालू असताना घरभर फिरून कुठून हवा येतेय ते हातालाच कळतं.

डक्ट तर लोक विसरूनच जातात. रिटर्न डक्टला (घरातली हवा परत फर्नेसकडे नेणाऱ्या) माळ्यावर किंवा घराखालच्या पोकळीत सांधा सुटलेला असेल तर फर्नेस प्रत्येक वेळी चालू झाला की तिथली थंड कोरडी हवा ओढून घरभर पसरवतो, अशा घरात कितीही मोठा ह्युमिडिफायर लावा, गळक्या माठात पाणी भरत बसल्यासारखं होणार. सांधे डक्ट मास्टिकने (सांध्यांना लावायच्या घट्ट लेपाने) किंवा धातूच्या फॉइल टेपने बंद करा, साधी कापडी डक्ट टेप उष्णतेने सुटून येते.

पंखेही बघा. बाथरूमचा किंवा चिमणीचा एक्झॉस्ट तासन् तास चालू राहत असेल तर तेवढीच बाहेरची हवा आत येते. घरात व्हेंटिलेशनसाठी एचआरव्ही (हीट रिकव्हरी व्हेंटिलेटर, शिळी हवा बाहेर टाकून ताजी आत आणणारं यंत्र) असेल तर तो उष्णता परत देतो पण ओलावा बाहेर टाकतो, कडक थंडीत त्याचा स्पीड किंवा वेळ कमी केली तरी फरक दिसतो. ईआरव्ही (त्याचाच एनर्जी रिकव्हरी प्रकार) ओलाव्याचाही काही भाग परत आणतो, त्यामुळे मशीन बदलायचंच असेल तर तो पर्याय डोक्यात ठेवा.

इथे एक गोष्ट अगदी कळकळीने सांगते. घरात गॅसवर किंवा इतर इंधनावर चालणारा फर्नेस, गीझर, शेगडी, फायरप्लेस असेल आणि तो खोलीतलीच हवा वापरत असेल, तर घर घट्ट केल्यावर धूर उलटा घरात यायचा धोका असतो. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म चालू स्थितीत हवाच, आणि मोठं सीलिंग केलं की जाणकार माणसाकडून धुराचा ड्राफ्ट, म्हणजे धूर नीट बाहेर ओढला जातोय का ते, तपासून घ्या. तसंच ओलावा मिळतो म्हणून कपड्यांच्या गॅस ड्रायरची गरम हवा घरात सोडायचं कधीही करू नका.

खिडकी सांगते मर्यादा कुठे आहे

समजा फटी बुजवून झाल्या, तरी आकडा कमीच आहे. आता प्रश्न असा की तुमचं घर किती ओलावा सहन करू शकतं. २१ डिग्रीच्या घरात ३० टक्के ह्युमिडिटी असेल तर साधारण ३ डिग्रीच्या खालच्या कुठल्याही पृष्ठभागावर दव धरतं. ४० टक्के केलीत तर ७ डिग्रीच्या खाली, ५० टक्के केलीत तर १० च्या खाली. आता बाहेर उणे १० असताना एकेरी काचेच्या खिडकीची आतली बाजू शून्याच्याही खाली जाऊ शकते, म्हणजे तिच्यावर ३० टक्क्यांतही बर्फ धरणार. साध्या दुहेरी काचेचा मध्यभाग १० डिग्रीच्या आसपास राहतो पण कडा त्याहून बऱ्याच थंड असतात, म्हणून पाणी आधी खालच्या कोपऱ्यात दिसतं. पडदे ओढून ठेवले की काच अजून थंड होते, हेही लक्षात घ्या.

म्हणून "हिवाळ्यात ४५ ठेवा" असा सरसकट सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. ह्युमिडिफायरच्या डायलवर किंवा पुस्तिकेत साधारण असं कोष्टक असतं: बाहेर उणे ७ पर्यंत असेल तर ४० टक्के, उणे १२ पर्यंत ३५, उणे १८ पर्यंत ३०, उणे २३ पर्यंत २५, उणे २९ पर्यंत २०, आणि त्याच्याही खाली गेलं तर १५. एकेरी काचा असतील तर याच्याही खाली राहायला लागतं. म्हणजे जिथे सगळ्यात जास्त थंडी तिथेच सगळ्यात कमी ओलावा ठेवता येतो.

काचेवरचं पाणी निदान दिसतं, पुसता येतं. न दिसणारं जास्त घातक. वरच्या मजल्यावरची दमट हवा फटींतून माळ्यावर जाते आणि छताच्या थंड फळ्यांवर गोठते, मग ऊन पडलं की वितळून इन्सुलेशन भिजवते. निर्णय घ्यायच्या आधी एखाद्या थंड सकाळी टॉर्च घेऊन माळ्यावर जा. खिळ्यांची टोकं गंजलेली किंवा बर्फाने पांढरी झालेली, फळ्यांवर काळे डाग, ओलसर वास, यातलं काहीही दिसलं तर ह्युमिडिफायरचा विषय तिथेच थांबवा आणि आधी ते दुरुस्त करा. भिंतींत वाफ अडवणारा थर नसलेल्या जुन्या घरांनाही हेच लागू. घरात कोणाला दमा किंवा धुळीची ॲलर्जी असेल तर ५० च्या वर कधीच जाऊ नका, धुळीतले माइट्स दमट हवेतच वाढतात.

किती पाणी लागेल, हिशोब करून बघा

घराचं क्षेत्रफळ २०० चौरस मीटर, उंची अडीच मीटर, म्हणजे ५०० घनमीटर हवा. घर मध्यम घट्ट असेल तर तासाला साधारण अर्धी हवा बदलते, २५० घनमीटर. बाहेरच्या हवेत २ ग्रॅम पाणी आहे आणि आत २० डिग्रीला ३५ टक्के हवेत म्हणजे ६ ग्रॅम, तर प्रत्येक घनमीटरला ४ ग्रॅम घालावे लागणार, तासाला १ लिटर, दिवसाला २४. त्यातले ८-१० लिटर घरातली माणसं देतात, उरले १५ च्या आसपास. पण तेच घर गळकं असेल आणि तासाला पूर्ण हवा बदलत असेल तर ४८ लिटर लागतात, म्हणजे यंत्राला ३८-४० लिटर घालावे लागतील. फटी बुजवल्या तर यंत्राचं काम निम्म्याहून कमी होतं ते असं.

आणि हे पाणी फुकट हवेत जात नाही. एक लिटर पाण्याची वाफ करायला पाऊण युनिटच्या जरा खाली ऊर्जा लागतेच, मग ती फर्नेसच्या उष्णतेतून जावो की विजेतून. १५ लिटरला दिवसाची दहा-अकरा युनिटं. "ह्युमिडिफायर लावला की थर्मोस्टॅट कमी करता येतो, बिल वाचतं" असं विकणारे सांगतात, दमट हवेत थोडं उबदार वाटतं हे खरं, पण वाफेला लागणारी ही ऊर्जा त्या हिशोबात धरलेली नसते. आराम आणि लाकूड वाचवणं यासाठी घ्या, बिल वाचवायला म्हणून घेऊ नका.

कुठलं यंत्र

गरज एका-दोन खोल्यांचीच असेल, म्हणजे रात्री झोपताना त्रास आणि बाकी घर ठीक, तर बेडरूममध्ये छोटा ह्युमिडिफायर ठेवा आणि विषय संपवा. अल्ट्रासॉनिक घेतलात तर नळाचं पाणी नको, त्यातले क्षार बारीक पांढरी पूड होऊन फर्निचरवर आणि फुप्फुसांत जातात, डिस्टिल्ड पाणी वापरा. टाकी रोज रिकामी करून नव्याने भरा आणि आठवड्यातून निदान दोनदा धुवा. घरात डक्टच नसतील, रेडिएटर किंवा जमिनीखालचं हीटिंग असेल, तर मग हाच किंवा मोठा कन्सोल पद्धतीचा, किंवा स्वतःचा पंखा असलेला भिंतीवरचा स्टीमचा.

डक्ट असलेल्या घरासाठी मुख्य तीन प्रकार. बायपास ह्युमिडिफायर गरम हवेचा काही भाग ओल्या पॅडमधून फिरवून रिटर्नमध्ये सोडतो, स्वतःचा पंखा नाही, बिघडण्यासारखं फार काही नाही, लहान-मध्यम घराला पुरतो. पण फर्नेस चालू असतानाच काम करतो, आणि पॅडवरून ओघळलेलं पाणी ड्रेनमध्ये जातं, हवेत जातं त्याच्या कितीतरी पट. फॅनवाला स्वतःच्या पंख्याने हवा ढकलतो, वाफ थोडी जास्त देतो, दुसरा बायपास पाइप लागत नाही म्हणून जागा कमी असेल तर बरा. स्टीमवाला पाणी उकळून वाफ डक्टमध्ये सोडतो, फर्नेसच्या उष्णतेवर अवलंबून नाही, आकडा नीट पकडून ठेवतो, पण त्याला वेगळं सर्किट लागतं आणि वीज भरपूर खातो. ड्रमवाले जुने प्रकार, ज्यात तसराळ्यात पाणी साठून राहतं, ते मी कोणालाच सुचवणार नाही, साठलेल्या कोमट पाण्यात बुरशी आणि जंतू वाढतात.

हीट पंप (एसी उलटा चालवल्यासारखा, बाहेरची उष्णता घरात आणणारा) असेल तर इथे नीट लक्ष द्या. त्याची हवा फर्नेसच्या हवेपेक्षा बरीच कमी गरम असते, पॅडवरचं पाणी कमी उडतं आणि डब्यावर लिहिलेली क्षमता मिळत नाही. अशा घरात पॅडला गरम पाण्याची लाइन द्या किंवा सरळ स्टीम घ्या. डब्यावरची क्षमता कुठल्या तापमानाला मोजलीय हे विचारल्याशिवाय घेऊच नका.

बसवणाऱ्याशी बोलताना काही गोष्टी आधीच ठरवून घ्या. पाण्याची लाइन पाइपला टोचून बसवायच्या सॅडल व्हॉल्व्हने नको, ते पुढे गळतात, नीट टी-जॉइंट आणि बंद करायचा नळ हवा. ड्रेनला उतार हवा. यंत्र गळलं तर पाणी फर्नेसच्या इलेक्ट्रिक बोर्डावर पडेल अशा जागी नको. ह्युमिडिस्टॅट (ठरवलेल्या ह्युमिडिटीला यंत्र चालू-बंद करणारा) शक्यतो बाहेरचं तापमान बघून आपोआप सेटिंग कमी करणारा घ्या, नाहीतर थंडीची लाट आली की दरवेळी तुम्हाला हाताने डायल फिरवावा लागेल आणि रात्री अचानक तापमान पडलं तर सकाळी खिडक्यांवरून पाणी ओघळत असेल. स्टीमवाल्यासाठी पुढे डक्टचा सरळ लांब भाग आहे का ते मोजा, वळण लगेच आलं तर वाफ तिथेच थंड होऊन पाणी होते. त्याला हवा वाहतेय की नाही बघणारा स्विच आणि जास्तीची मर्यादा राखणारा दुसरा ह्युमिडिस्टॅट, दोन्ही हवेत.

पाणी किती जड आहे तेही तपासा. पॅडवर क्षारांचे थर बसतात, दर सीझनला पॅड बदलायचा, फार जड पाणी असेल तर मध्ये एकदा अजून. स्टीमच्या इलेक्ट्रोडवाल्या मॉडेलचं उलट आहे, त्याला पाण्यात थोडे क्षार लागतात, आरओचं पाणी दिलं तर ते नीट चालतच नाही, म्हणून आपल्याकडचं पाणी कुठलं आहे ते आधी सांगा आणि मग मॉडेल ठरवा.

दर वर्षी हे सगळं करायची तयारी नसेल, भाड्याचं घर असेल, किंवा फर्नेसच्या खोलीत कोणी महिनोन् महिने जात नसेल, तर अख्ख्या घराचा ह्युमिडिफायर घेऊ नका असंच मी म्हणेन. घेतलात तर पहिल्या हिवाळ्यात ३० वर ठेवून सुरुवात करा, आठवडाभर खिडक्यांचे कोपरे, उत्तरेकडच्या भिंतीला लागून असलेल्या कपाटांच्या मागची बाजू आणि माळा बघा, सगळं कोरडं असेल तरच दोन-दोन टक्क्यांनी वाढवा. पॅडचा ड्रेन तुंबलाय का ते महिन्यातून एकदा बघून या. आणि सीझन संपला की पाण्याचा नळ बंद, ह्युमिडिस्टॅट बंद, जुना पॅड काढून टाकायचा, आणि बायपास असेल तर त्याचा डॅम्पर न विसरता समरच्या खुणेवर फिरवायचा, नाहीतर उन्हाळ्यात एसीची थंड हवा तिथूनच परत रिटर्नमध्ये जात राहते आणि एसीच्या कॉइलवर बर्फ धरू शकतो.